निशाचित्रण, जलरंग व शाईतील

रात्रीचे दृश्य हा विषय घेऊन जलरंग व शाई या माध्यमांत कागदावर केलेले, बहुधा लहान आकाराचे चित्रण. चांदणे, समई, कंदील, मशाल, शेकोटी, दारूकाम हे अशा चित्रांतील प्रकाशाचे उगम होत. या चित्रप्रकाराच्या इतिहासात एक मूलभूत स्थित्यंतर आढळते. जुन्या भारतीय लघुचित्रांत रात्र मुख्यतः खुणांनी सुचविली जाई. पारदर्शक जलरंगाच्या प्रसारानंतर मात्र काळोखात प्रकाश कसा दिसतो, हाच चित्रकाराच्या अभ्यासाचा विषय झाला. महाराष्ट्रातील चित्रकलेत हे स्थित्यंतर चांगल्या रीतीने अभ्यासता येते.

साहित्य व तंत्र : भारतीय परंपरेतील काळी शाई दिव्याची काजळी व बाभळीचा डिंक यांपासून तयार करीत. ती कार्बनयुक्त असल्याने उजेडाने फिकी पडत नाही. रात्रीच्या आकाशासाठी नीळ, चंद्रासाठी सफेदा किंवा चांदी, ज्योतीसाठी सोने व हरताळ यांचा वापर होई. हे रंग डिंकात घोटून अपारदर्शक थरांत लावीत. त्यामुळे गडद पृष्ठभाग आधी रंगवून त्यावर चांदण्या वा ज्योत नंतर उजळ रंगाने काढणे शक्य होते.

पारदर्शक जलरंगात हा क्रम उलटा होतो. त्यात पांढरा रंग नसतो. कागदाचा पांढरेपणा हाच प्रकाश. म्हणून चंद्र वा ज्योत यांची जागा आरंभापासून कोरी राखून तिच्याभोवती काळोख रंगवत न्यावा लागतो. ओला रंग वाळल्यावर फिका होत असल्याने अपेक्षेपेक्षा अधिक गडद थर द्यावा लागतो आणि थर वारंवार दिल्यास रंग मळकट होतो. निव्वळ काळ्या रंगाने काळोख निर्जीव वाटतो. त्यामुळे गडद निळा व तपकिरी यांच्या मिश्रणाने तो साधण्याची पद्धत रूढ झाली. लाखेच्या योगाने जलाभेद्य केलेली शाई वाळल्यावर तिच्यावर जलरंग दिला तरी ती पसरत नाही. म्हणून आधी शाईने रेखाटन करून मग रंगलेपन करता येते.

लघुचित्रांची परंपरा : मोगल चित्रशाळेत सतराव्या शतकात दिवा वा शेकोटी यांच्या उजेडातील प्रसंग रंगविले गेले. पयाग हा चित्रकार त्यासाठी विशेष प्रसिद्ध आहे. या प्रयोगांमागे यूरोपीय मुद्राचित्रांचा परिचय हे एक कारण होते. राजपूत व पहाडी चित्रांत अभिसारिकेचा विषय फार लोकप्रिय झाला. त्यांत आकाश काळे वा गडद निळे, वीज सोनेरी, पण नायिकेचे मुख व वस्त्रे मात्र दिवसाइतकीच स्पष्ट असतात. हा दोष नसून संकेत होय; रात्र ही भावावस्थेची पार्श्वभूमी असून ती पाहणाऱ्यास ओळखू यावी, एवढेच चित्रकारास अभिप्रेत होते.

दख्खनमध्ये या परंपरेचा एक महत्त्वाचा दुवा औरंगाबाद येथे आढळतो. भानुदत्ताच्या रसमंजरी या नायिकाभेदविषयक ग्रंथाची सचित्र प्रत तेथे १६५० मध्ये तयार झाली. मोगल सैन्याबरोबर दक्षिणेत आलेल्या राजपूत सरदारांच्या आश्रयामुळे राजस्थानी व दख्खनी शैली येथे एकत्र आल्या. विदर्भात नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत सचित्र पोथ्या व भित्तिचित्रे निर्माण झाली. आर्वीसह वर्धा परिसर १८५३ पर्यंत याच राज्यात मोडत असे. भागवताच्या पोथ्यांतील कृष्णजन्माचा मध्यरात्रीचा प्रसंग हा भारतीय चित्रकारांचा आवडता निशाविषय होय. त्यातही बंदिशाळेतील पेंगलेले पहारेकरी व यमुनेवरील अंधारलेले आकाश यांवरूनच रात्र समजते.

अन्य देशांतील परंपरा : चीनमध्ये केवळ शाईच्या फिक्या-गडद छटांनी रात्र दाखविण्याची पद्धत प्राचीन आहे, तेथे चंद्र रंगवीत नाहीत, तर भोवतालचे ढग शाईने भारून कोऱ्या कागदातून तो प्रकट करतात. जपानमध्ये हिरोशिगे (१७९७–१८५८) याने काष्ठठशांच्या छपाईत निळ्या रंगाची क्रमशः विरत जाणारी छटा वापरून रात्रीची दृश्ये साधली. इंग्लंडमध्ये सॅम्युएल पामर (१८०५–८१) याने १८२५ मध्ये तपकिरी शाई व डिंक यांत लहान निसर्गचित्रांची एक मालिका केली. पुढील काही वर्षांत त्याने चांदण्या रात्रीची छोटी चित्रेही काढली. व्हिस्लरने १८७० नंतर आपल्या रात्रिदृश्यांना ‘नॉक्टर्न’ ही संगीतातील संज्ञा दिली. ती चित्रे मुख्यत्वे तैलरंगातील असली, तरी या विषयाला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळण्यास ती कारणीभूत ठरली.

महाराष्ट्रातील स्थित्यंतर : पुण्यात अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने व सवाई माधवराव पेशव्यांच्या संमतीने शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली. तेथील गंगाराम चिंतामण तांबट याने वेरूळ इ. ठिकाणच्या लेण्यांची चित्रे शाई व जलरंगात काढली. त्याची चित्रे रात्रीची नाहीत. तथापि पाश्चात्त्य पद्धतीचे छायांकन व पातळ रंगलेपन मराठी कलावंताने आत्मसात केल्याचा तो आरंभीचा पुरावा होय. १८५७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेमुळे हे शिक्षण पद्धतशीर झाले. वस्तूवर एका बाजूने पडणारा प्रकाश व तिची छाया यांच्या अभ्यासातून दिव्याच्या उजेडातील मानवाकृती रंगविण्याची तयारी होत गेली.

बंगालमध्ये याच सुमारास निराळा मार्ग शोधला गेला. १९०३ मध्ये योकोयामा ताइकान व हिशिदा शुन्सो हे जपानी चित्रकार कलकत्त्यास आले. त्यांच्या सहवासातून अवनींद्रनाथ टागोरांनी कागद पाण्यात भिजवून थरावर थर देण्याचे धूसर रंगलेपनाचे तंत्र विकसित केले. गगनेंद्रनाथ टागोर (१८६७–१९३८) यांनी शाई व जलरंगात रात्रीची अनेक दृश्ये रंगविली; त्यांचे प्रतिमाविसर्जनाच्या मिरवणुकीचे चित्र विशेष उल्लेखनीय आहे. बंगालच्या चित्रकारांनी रात्रीची गूढता धुक्यासारख्या छटांतून व्यक्त केली, तर मुंबईच्या चित्रकारांनी प्रत्यक्ष दिसणाऱ्या प्रकाशाचा पाठपुरावा केला.

या दुसऱ्या मार्गाची परिणती सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांच्या ‘ग्लो ऑफ होप’ या चित्रात दिसते. सावंतवाडीत जन्मलेल्या हळदणकरांनी मुंबईच्या कलाशाळेत शिक्षण घेतले, १९०८ मध्ये स्वतःची कलासंस्था काढली आणि १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या स्थापनेत भाग घेतला. आपल्या कन्येला समोर उभी करून १९४५-४६ च्या सुमारास त्यांनी हे चित्र जलरंगात रंगविले. हातात दिवा घेतलेली तरुणी, ज्योतीवर आडोसा धरलेल्या पंजाच्या बोटांतून झिरपणारा तांबूस प्रकाश, उजळलेला चेहरा आणि मागे भिंतीवर पडलेली छाया हे त्याचे विशेष होत. हे चित्र लघुचित्रांइतके छोटे नाही. पण लहान निशाचित्रांत जी तांत्रिक अडचण असते तीच येथे अधिक कठोरपणे चित्रकारापुढे उभी होती, कारण मोठ्या कागदावर ज्योतीपासून काळोखापर्यंतची छटा एकसंध राखणे अधिक अवघड असते. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील संग्रहालयात हे चित्र आहे. ते पुष्कळदा राजा रविवर्मा यांचे म्हणून सांगितले जाते; वस्तुतः रविवर्मा यांचे निधन १९०६ मध्येच झाले होते.

नियतकालिके व शालेय शिक्षण : मराठी दिवाळी अंकांची परंपरा ‘मासिक मनोरंजन’ च्या १९०९ च्या अंकापासून मानली जाते. दीपोत्सव हाच प्रसंग असल्याने मुखपृष्ठांवर व आतील पानांवर पणत्या, आकाशकंदील व चांदणे यांना स्थान मिळाले. दीनानाथ दलाल (१९१६–७१) यांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ हे नियतकालिक सुरू केले. रेषाठसा फक्त काळे व पांढरे जाणतो. त्यामुळे शाईच्या भरीव काळ्या क्षेत्रात एखादी खिडकी कोरी ठेवून रात्र दाखवावी लागे. छटाठशामुळे शाईचे पातळ रंगलेपनही छापता येऊ लागले.

विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात समाविष्ट झाला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग बनला. १९६५ मध्ये कला संचालनालय स्थापन झाले. त्याच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांमुळे आर्वीसारख्या तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्यांनाही जलरंगाचे शिक्षण मिळू लागले. स्मरणचित्र हा या परीक्षांतील एक विषय असून दिवाळीची रात्र, कोजागरी, गावची जत्रा हे प्रसंग अशा चित्रणास सहज सुचणारे होत. महानगरांतील कलाशाळांत रुजलेली प्रकाश-छायेची दृष्टी ग्रामीण भागात पोचविण्याचे श्रेय मुख्यतः शाळांतील चित्रकला शिक्षकांकडे जाते.

जतनाचा प्रश्न : निशाचित्रांचा परिणाम गडद व उजळ यांच्या नेमक्या प्रमाणावर अवलंबून असतो, म्हणून काळाचे आघात त्यांवर अधिक तीव्रतेने जाणवतात. नीळ व वनस्पतिज रंग उजेडाने विटतात. शिशाचा सफेदा गंधकयुक्त हवेत काळवंडतो आणि चांदीही काळी पडते. परिणामी जुन्या चित्रांत उजळ चंद्राच्या जागी काळा ठिपका उरलेला आढळतो. लाकडाच्या लगद्याचा आम्लयुक्त कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. पारदर्शक जलरंगात कागदच प्रकाश असल्याने कागद पिवळा पडणे म्हणजे दिवा मंदावणेच होय. संग्रहालयांत अशा चित्रांवरील प्रकाश सुमारे ५० लक्सपर्यंत मर्यादित ठेवतात. मात्र घरे, शाळा व नियतकालिकांची कार्यालये यांतील चित्रांना हे संरक्षण मिळत नाही. छपाई उरकल्यावर मूळ चित्र आणि परीक्षा संपल्यावर विद्यार्थ्याचा कागद टाकून देण्याची प्रवृत्ती सार्वत्रिक राहिली. एका सुविख्यात चित्राचे कर्तृत्वही जिथे दुसऱ्याच्या नावावर जाते, तिथे सही नसलेल्या लहान चित्रांची नोंद पुसली जाणे सहज घडते. चित्रकाराचे नाव, वर्ष व माध्यम यांची नोंद चित्रासोबत ठेवणे हा त्यावरील सर्वांत सोपा व अल्पखर्चाचा उपाय होय.