हिरव्या यादीआधीचे ११६ दिवस

२४ जून २०१७. ११६ दिवस बाकी.

मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ३४,०२२ कोटींची शेतकरी कर्जमाफी जाहीर केली. ८९ लाख शेतकऱ्यांना लाभ होईल, असा आकडा सांगितला गेला. ही घोषणा आपोआप झालेली नव्हती. १ जूनपासून पुणतांब्याच्या शेतकऱ्यांचा संप पेटला होता. त्याआधी एप्रिलमध्ये अचलपूरचे तेव्हाचे आमदार बच्चू कडू यांनी शेतकऱ्यांच्या मागण्यांसाठी नागपूरहून वडनगरपर्यंत आसूड यात्रा काढली होती.

२८ जून. ११२ दिवस बाकी.

शासन निर्णय निघाला. माझ्या मते याद्यांच्या पुढच्या घोटाळ्याचं बी इथेच पडलं. कर्ज १ एप्रिल २०१२ नंतर उचललेलं हवं, ते ३० जून २०१६ रोजी थकीत हवं, माफी दीड लाखापर्यंत, आणि तीही कुटुंबाला मिळून. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं. प्राप्तिकर भरणारे वगळायचे. सरकारी नोकरदार वगळायचे, पण चतुर्थ श्रेणी ठेवायची. पंधरा हजारांवर पेन्शन असलेले वगळायचे, पण माजी सैनिक ठेवायचे.

कागदावर ही वाक्यं सरळ दिसतात. संगणकात प्रत्येक वाक्याची एक चाळणी होते, आणि चाळणीला माहितीचा रकाना लागतो. बँकेकडे खातं असतं, कुटुंब नसतं. नवऱ्याचं कर्ज जिल्हा बँकेच्या सोसायटीत आणि बायकोचं राष्ट्रीयीकृत बँकेत असेल, तर ती दोघं एका घरातली आहेत हे दोन्ही बँकांच्या दप्तरात कुठेच लिहिलेलं नसतं. खातेदाराला पेन्शन किती, तो प्राप्तिकर भरतो का, हेही सोसायटीच्या गटसचिवाच्या खतावणीत नसतं. म्हणजे अट आधी ठरली आणि ती तपासायची माहिती नंतर शोधायला निघाले.

२४ जुलै. ८६ दिवस बाकी.

ऑनलाइन अर्ज सुरू झाले. जे बँकांकडे नव्हतं ते आता शेतकऱ्याकडून भरून घ्यायचं ठरलं. सेवा केंद्रांवर नवरा-बायको दोघांनी अंगठा लावायचा. दिवसा सर्व्हर चालेना, म्हणून माणसं रात्री रांगेत उभी राहिली. पेरणीनंतरच्या निंदण-डवरणीचे ते दिवस होते. तेव्हा शेतातून घालवलेला एकेक दिवस किती महाग पडतो, ते अचलपूर-चांदूरबाजारकडच्या कापूस-तूर पिकवणाऱ्याला सांगावं लागत नाही.

२२ सप्टेंबर. २६ दिवस बाकी.

अर्जांची १५ सप्टेंबरची मुदत वाढवून दिली होती, तीही संपली. तिकडे बँकांना ६६ रकान्यांचा तक्ता भरायचा होता. अर्जांचा ढीग एकीकडे आणि तक्त्यांचा दुसरीकडे. दोन्ही जुळले तरच नाव पुढे जाणार. आधार क्रमांकाचा एक आकडा चुकला, नावाचं स्पेलिंग वेगळं पडलं, खाते क्रमांक सोसायटीचा लिहायचा की बँकेचा यात गोंधळ झाला, की खरा थकबाकीदार गळणार. त्याहून वाईट म्हणजे कुणाच्या नावापुढे दुसऱ्याचीच रक्कम लागणार.

ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा.

गावोगाव चावडी वाचन झालं. या सगळ्या व्यवस्थेतली ही सर्वांत शहाणी तपासणी. कोण कुणाची बायको, कोण नोकरीला, कोण वारला, हे चावडीवर बसलेल्यांना ठाऊक असतं. पण तिथे वाचली गेली अर्जदारांची नावं. चाळण्यांतून शेवटी काय पडणार, ते तोवर गावापुढे आलंच नव्हतं.

१७ ऑक्टोबर. शेवटचे २४ तास.

उद्या प्रमाणपत्रं द्यायची हे ठरलेलं. चाळण्या नीट लागल्यात का, हे एखाद्या तालुक्याच्या यादीवर तपासायची ही अखेरची वेळ होती.

१८ ऑक्टोबर, नरक चतुर्दशी.

मुंबईत सह्याद्री अतिथीगृहावर मुख्यमंत्र्यांच्या हस्ते आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मंत्र्यांच्या हस्ते शेतकऱ्यांना प्रमाणपत्रं दिली गेली. पहिल्या हिरव्या यादीत, म्हणजे पात्र ठरलेल्यांच्या यादीत, सुमारे ८ लाख ४० हजार शेतकरी असल्याचं सांगण्यात आलं.

त्यानंतर.

याद्या बँकांकडे गेल्या आणि ताळा बसेना. एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकरी निघाले. यादीतल्या रकमा बँकेच्या रकमांशी जुळेनात. दिवाळी उलटते न उलटते तोच संकेतस्थळावरची यादी काढून घ्यावी लागली. प्रमाणपत्र हातात आणि खात्यात काहीच नाही, अशी माणसं गावात परतली होती. ज्यांचं नावच नव्हतं त्यांची अवस्था आणखी वाईट. आपण कोणत्या अटीवर गळलो, हे त्यांना सांगायला कुणी नव्हतं. चाळणीने माणूस वगळताना त्याचं कारण त्याच्या नावापुढे लिहायला हवं होतं. तेवढा एक रकाना ६६ रकान्यांपेक्षा मोलाचा ठरला असता.

डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजना आली. तिच्यात अर्ज नव्हता आणि कुटुंबाऐवजी एकेका शेतकऱ्याचा हिशेब धरला होता. २४ फेब्रुवारी २०२० ला पहिली यादी लागली ती फक्त ६८ गावांची, जिल्ह्यागणिक दोन, मिळून १५,३५८ खाती. शेतकऱ्याने आधी रक्कम बघायची, पटली तर अंगठा, नाही तर तक्रार, आणि पैसे त्यानंतर. जिल्ह्यातली दोन गावं आधी घेण्याचं हे काम २०१७ च्या ऑगस्टमध्येही करता आलं असतं.