डिझेलवरील कराचा परतावा : ऑस्ट्रेलियातील एक हिशेब

कराचा विषय निघाला की श्रोते घड्याळाकडे पाहू लागतात, हे आम्हांस ठाऊक आहे. पण ज्यांची चूल डिझेलवर पेटते, त्या मोटारवाल्यांत आमचे आयुष्य गेले आहे. तेव्हा थोडा धीर धरावा.

रस्ता झिजवील त्याने मोल द्यावे, हे तत्त्व आपल्याकडचेही आहे. बॅ. मुकुंदराव जयकरांच्या समितीने १९२८ साली पेट्रोलवर गॅलनमागे २ आणे जादा कर घेऊन तो रस्त्यांवर खर्चावा, अशी शिफारस केली होती. ऑस्ट्रेलियाने तेच तत्त्व उलटून धरले. १९५७ साली तेथे डिझेलवर अबकारी कर बसला, तेव्हा रस्त्याबाहेर जळणारे डिझेल त्यातून सुटले. १९८२ साली त्या सुटीऐवजी परतावा आला. मालमोटारी मात्र २००० सालापर्यंत उपाशीच. त्या साली अनुदान सुरू झाले, तेही २० टन व त्यावरील गाड्यांस. साडेचार ते वीस टनांच्या गाड्यांस केवळ महानगराबाहेरच्या खेपांपुरते. १ जुलै २००६ पासूनच्या नव्या कायद्याने ही शहराची वेस पुसली, साडेचार टनांची रेघ ठेवली.

परतावा म्हणजे भरलेला कर वजा रस्ताशुल्क. ट्रेलरवरील शीतयंत्र जे डिझेल पिते ते चाक फिरवीत नाही, म्हणून त्यावर रस्ताशुल्क नाही. टोलच्या रस्त्यावर आम्ही वेगळे पैसे मोजतो, तो सार्वजनिक रस्ता कसा, असाही वाद झाला. २०१९ साली न्यायालयाने तो फेटाळला.

परतावा मिळतो धंद्यासाठी डिझेल विकत घेणाऱ्यास. पगारी ड्रायव्हरच्या हाती काही नाही. स्वतःच्या गाडीचा ड्रायव्हर असेल तर त्याने वस्तू व सेवा कराची नोंदणी केलेली हवी; आणि डिझेल काम देणाऱ्याने भरले, तर परतावाही त्याचाच.

मार्च २०२२ अखेर सरकारने सहा महिन्यांसाठी कर ४४.२ सेंटवरून २२.१ सेंटवर आणला. मोठा दिलासा! पण रस्ताशुल्क २६.४ सेंट होते. कर त्याहून खाली गेल्यावर रस्त्यावरच्या अवजड गाडीचा परतावा शून्य झाला. पूर्वी १७.८ सेंट परत मिळत, म्हणजे खरा बोजा लिटरमागे २६.४. आता २२.१. पंपावर २२.१ सेंटांची सूट दिसली, मालमोटारवाल्याच्या पदरात पडले ४.३. माल पाठवणाऱ्याने यातला कोणता आकडा धरून भाडे कमी मागितले असेल, हे सांगण्यास आमच्यासारखा संघटनेचा माणूस लागत नाही.