अऱ्हेनियसची आशा आणि गोंदियाचा टोमॅटो

हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढला तर पिकांचे काय होईल, हा प्रश्न आपल्याला अलीकडचा वाटतो. प्रत्यक्षात तो शंभर वर्षांहून जुना आहे.

१८५९ साली जॉन टिंडल याने प्रयोगाने दाखवून दिले, की पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड उष्णता शोषून घेतात. हवेतली वाफ एका उन्हाळी रात्रीपुरती जरी नाहीशी झाली, तरी इंग्लंडमधील नाजूक झाडे गारठून मरतील, असे त्याने पुढे लिहिले. जमिनीतून निसटणारी ऊब हे वायू रात्रीही अडवून धरतात, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवू.

१८९६ साली स्वीडनच्या स्वांटे अऱ्हेनियसने हिशेब मांडला: कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला, तर तापमान सुमारे ५ ते ६ अंश सेल्सिअसने वाढेल. त्याला याची भीती वाटली नाही. उलट, थंड प्रदेशांत हवामान सुधारेल आणि पिके भरघोस येतील, अशी आशा त्याने पुढे व्यक्त केली.

त्याच १८९६ साली मध्य प्रांतात पाऊस लवकर थांबला आणि दुष्काळ पडला. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडारा जिल्ह्यात मोडत असे. तो वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. पावसाचा लहरीपणा इथे नवा नव्हता. त्यावर उपाय म्हणून कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले. नवेगावबांध त्यांपैकीच एक. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि हे तलाव ‘माजी मालगुजारी’, म्हणजेच ‘मामा तलाव’ झाले. धान निघाल्यावर अशा तलावांच्या आणि बोड्यांच्या पाण्यावर भाजीपाला घेता येतो. तलावात शिंगाडाही पिकतो.

पण तलाव पाणी देतो. रात्रीचा उकाडा हटवत नाही. टोमॅटोचेच पाहा. कार्बन डायऑक्साइड हे त्याचे अन्न. ते वाढले तर पानांचे काम वाढते. अऱ्हेनियसची आशा इथवर खरी. मात्र दिवसाचे तापमान ३२ आणि रात्रीचे २१ अंशांच्या पुढे बरेच दिवस राहिले, तर सर्वसाधारण वाणांत परागकण दुबळे होतात, परागण नीट होत नाही आणि फुले गळतात. झाड हिरवेगार दिसते, फळ मात्र धरत नाही. रात्री जितक्या उबदार होतील, तितका फळधारणेचा हंगाम आखूड होईल.

१९५८ साली हवाई बेटावर नियमित मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दशलक्ष भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते; आज ते ४२० च्या वर आहेत. स्वीडनला उबेची वाण होती, गोंदियाला ती कधीच नव्हती. एकच वायू, एकच हिशेब. पण परिणाम ठरतो तो गावाच्या मूळ हवामानावर.

शाळेच्या परसबागेत कमाल-किमान तापमापक लावून आपण हे तपासू शकतो. रोजचे किमान तापमान, उमललेली फुले आणि धरलेली फळे, एवढ्या तीन नोंदी विद्यार्थ्यांनी हंगामभर ठेवाव्यात. पाच-सात वर्षांच्या अशा वह्या म्हणजे आपल्या गावाच्या हवामानाचा इतिहासच होईल.