कलकत्ता बांबू ते कार्बन : समुद्री फ्लाय रॉडचा इतिहास

1967 साली फ्लोरिडाच्या समुद्रात स्टू ॲप्टे यांनी 151 पौंडांचा, म्हणजे सुमारे साडेअडुसष्ट किलोचा टार्पन मासा पकडला. दोरीच्या टोकाचा धागा 12 पौंडांचा होता. त्याहून जास्त ताण पडला असता तर तो तुटला असता. साडेपाच किलो सोसणाऱ्या धाग्याने साडेअडुसष्ट किलोचा मासा कसा आला? त्यात माणसाचं कसब होतंच, पण काठीचाही मोठा वाटा होता. ही काठी कशी घडत गेली हे वाचायला घेतलं आणि सुरुवातीलाच मला कलकत्ता भेटलं. हा लेख त्यातूनच सुचला.

आधी थोडं या प्रकाराविषयी. कोकण किनाऱ्यावर गरवायला बसलेला माणूस दोरीला शिशाचं वजन लावतो. ते वजन गरीला लांब नेतं. फ्लाय प्रकारात आमिष म्हणजे पिसं आणि केस बांधलेला हलका गळ. त्याला फेकण्याजोगं वजनच नसतं. म्हणून वजन दोरीत असतं आणि काठी त्या दोरीला चाबकासारखी पुढे धाडते. या काठीचा जो मूळ दांडा असतो, ज्याला अजून कड्या, मूठ, रिळाची बैठक काहीच लावलेलं नसतं, त्याला ब्लँक म्हणतात. काठीचा सगळा स्वभाव त्या कोऱ्या दांड्यातच ठरलेला असतो.

नाव बंदराचं, बांबू दुसऱ्याचा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या ईस्टन गावात सॅम्युअल फिलिप नावाचा कारागीर होता. तो बंदुका दुरुस्त करी, व्हायोलिनही बनवी. बांबू उभा चिरून, त्याच्या पट्ट्या तासून, पुन्हा चिकटवून काठी करण्याचं अमेरिकेतील श्रेय सहसा त्याला दिलं जातं. पुढे मेन राज्यातील हायरम लिओनार्ड यांनी सहा पट्ट्यांच्या काठीचा मोठा धंदा उभा केला. या कारागिरांचा बांबू येई तो आपल्याकडून. व्यापारात त्याला ‘कलकत्ता केन’ म्हणत. कलकत्ता हे तो जहाजावर चढवण्याचं बंदर. बांबू उगवे दूरच्या रानात. तो तोडणाऱ्या, वाहणाऱ्या माणसांची दखल काठीच्या इतिहासात कुठे दिसत नाही.

या बांबूवर बऱ्याचदा भाजल्याचे डाग असत. तेवढा भाग कारागिराला टाकून द्यावा लागे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची जागा ‘टोंकिन केन’ने घेतली. या बांबूच्या बाह्य थरातील तंतू दाट आणि पेरं लांब. गंमत म्हणजे हे नावही फसवं आहे. टोंकिन म्हणजे उत्तर व्हिएतनाम, पण हा बांबू चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातला. कँटनच्या लिंगनान विद्यापीठात काम करणाऱ्या फ्लॉइड मॅक्ल्यूर यांनी 1931 साली त्याला शास्त्रीय नाव दिलं. तोवर व्यापाऱ्यांनी दिलेलं नाव घट्ट बसलं होतं.

खारं पाणी आणि दोन युद्धं

नदीवर बांबू उत्तम चाले. समुद्रात मात्र ओल जुन्या सरसाला धरे, सांध्यांच्या धातूला खारं पाणी खाई. तासन्‌तास चाललेल्या झुंजीत काठीला कायमचा बाक येई. अशा काठ्यांनीही समुद्रात मासे धरले गेले, पण मोठ्या माशांसाठी दुसरं काही हवं होतं.

ते युद्धाच्या काळातून आलं. दुसऱ्या महायुद्धात राळ आणि काचतंतूचं तंत्र पुढे गेलं आणि 1940 च्या दशकाच्या अखेरीस फायबरग्लासच्या काठ्या बाजारात आल्या. पाठोपाठ कोरियाचं युद्ध सुरू झालं आणि 1950 च्या डिसेंबरात अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली. टोंकिन बांबूची वाट दोन दशकं बंद राहिली. फायबरग्लासला मोकळं रान मिळालं.

फायबरग्लास जड आणि सुस्त, पण खाऱ्या पाण्याची फिकीर न करणारा आणि सहजी न मोडणारा. त्याच काळात डॉ. वेब्स्टर रॉबिन्सन यांनी 1962 साली पनामाच्या समुद्रात फ्लायवर सेलफिश पकडला. त्यांची युक्ती अशी, की बिनगळाचं आमिष होडीमागे ओढत माशाला जवळ आणायचं, होडी थांबवायची आणि मग फ्लाय टाकायची. निळ्या पाण्यातली ही पद्धत आजही चालते.

1960 च्या दशकात इंग्लंडमधील फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेत मजबूत कार्बन तंतू तयार झाला. तो होता विमानांसाठी. 1973 साली अमेरिकेतील फेनविक कंपनीने त्याच्या काठ्या बाजारात आणल्या. आज ब्लँक बनवताना राळेत भिजवलेलं कार्बनचं कापड ठरावीक आकारात कापतात, निमुळत्या पोलादी सळईवर गुंडाळतात, वरून पट्टी आवळतात आणि भट्टीत भाजतात. मग सळई ओढून काढली की पोकळ दांडा उरतो.

नंबर काय सांगतो, काय नाही

1961 साली अमेरिकी उत्पादकांनी फ्लायच्या दोऱ्यांना नंबर ठरवून दिले. दोरीच्या पहिल्या 30 फुटांचं वजन ग्रेनमध्ये मोजायचं. 12 नंबरची दोरी 380 ग्रेनची, 14 नंबरची 500 ग्रेनची. आपल्या जुन्या तोळ्यात 180 ग्रेन बसत. म्हणजे एक दोन तोळ्यांहून थोडी जास्त, दुसरी पावणेतीन तोळ्यांची. तोच नंबर काठीवर छापतात. तो सांगतो काठी किती वजनाची दोरी फेकेल. मोठ्या माशाला ती किती रेटेल, हे त्यात नसतं. गिऱ्हाईक मात्र नंबर पाहूनच काठी घेतं.

विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत फ्लायचा सर्वात जाड धागा 20 पौंडांचा, म्हणजे साधारण नऊ किलोंचा. त्याहून जास्त ओढणाऱ्या काठीचा तिथे उपयोग नाही. मुळात तेवढा ताणही फार थोडे लोक देऊ शकतात. घरी स्प्रिंगचा काटा खुंटीला अडकवून बघावं. शेंडा आभाळाकडे धरला की काठी सुंदर वाकते आणि काट्यावर आकडा अगदी कमी दिसतो. कारण नऊ फुटांची तरफ माशाच्या बाजूने असते. काठी खाली, दोरीच्या दिशेने झुकवली की वाकण्याची जागा मुठीजवळ सरकते, तरफ आखूड होते आणि आकडा चढतो. माशाला थकवतो तो काठीचा तळ.

म्हणून माझ्या मते ब्लँक निवडताना आधी खालचा तिसरा हिस्सा तपासावा. तो जोर घेतो का, आणि घेताना थोडा वाकतो का? अजिबात न वाकणारा तळ धागा तोडतो. त्यानंतर भिंतीची जाडी पाहावी. अतिताठ कार्बन वापरून भिंत पातळ केली की काठी हलकी होते, पण होडीच्या कठड्याचा एक टोला किंवा जड गळाचा एक ओरखडा पुढे ऐन झुंजीत तिला मोडू शकतो. शेवटी लांबी. उथळ पाण्यात टार्पनला 60 फुटांवर फ्लाय टाकायची तर 11-12 नंबरची नऊ फुटी बरी. निळ्या पाण्यात, रॉबिन्सन यांच्या पद्धतीने मासा होडीजवळ येतो. तिथे 14 नंबरची, जरा आखूड आणि दणकट तळाची काठी योग्य.

माशाचा जीव

हा सगळा खटाटोप केवळ हौशीसाठी आहे, असं कुणी म्हणेल. ते बरंचसं खरंही आहे. पण यात एका जिवाचा प्रश्न गुंतला आहे. टार्पन पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो आणि पुन्हा ताजा होतो. लेच्यापेच्या तळाची काठी असेल तर झुंज तासन्‌तास लांबते. शेवटी मासा सोडला तरी तो इतका दमलेला असतो की शार्कच्या तोंडी जातो. फ्लोरिडात 2013 पासून टार्पन सोडून देणं बंधनकारक आहे. विक्रमासाठी खास परवाना घेतला तरच तो ठेवता येतो. त्यामुळे मासा किती लवकर आणि किती धडधाकट पाण्यात परततो, हीच आता काठीची खरी परीक्षा.

दुकानात गेल्यावर ‘कितव्या नंबरची?’ हा प्रश्न दुसऱ्यांदा विचारावा. पहिला प्रश्न, ‘तळ किती ताण घेतो?’