१९०८ सालचं मांजर काय खायचं? (आणि माझ्या बोक्याचं वजन)



मागच्या पोस्टखाली एकाने विचारलं होतं, "ताई, साधनांमध्ये आपल्या प्रश्नाचं उत्तरच नसेल तर काय करायचं?" याचं उत्तर देण्यासाठी आज मी आमच्या घरच्या बोक्याची गोष्ट सांगणार आहे. हसू नका. या प्रकरणात मी इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून एक चूक केली आणि ती त्याच्या जिवावर बेतली असती. सिनॉप्सिस लिहिण्याआधी ती चूक तुम्हाला माहीत असलेली बरी.

आमचं घर यवतमाळ जिल्ह्यातलं, दारव्ह्याकडचं. बोक्याचं नाव भुऱ्या. नसबंदी झालेला, वय सहा वर्षं. गेल्या दिवाळीत त्याला लस द्यायला नेलं तेव्हा काट्यावर ६.४ किलो भरला. पशुवैद्य म्हणाले, "याचं वजन पाच किलोच्या आसपास पाहिजे. बरगड्या हाताला लागत नाहीत, कंबर दिसत नाही. आता खाणं आवरा, नाहीतर मधुमेह, सांधेदुखी ठरलेली." घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "कायले मोजून घालतं वो माय त्या मुक्या जीवाले? पाप लागन."

माझं संशोधन वऱ्हाडातल्या प्लेगवर आहे, त्यामुळे मांजरं माझ्या कागदपत्रांत आधीच होती. डोक्यात आलं, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याकडच्या घरात मांजर होतंच की. ते काय खायचं? ते लठ्ठ व्हायचं का?

एक डॉक्टर, मांजरं आणि प्लेग

थोडी पार्श्वभूमी. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीला आला. पुढच्याच वर्षी साथरोग कायदा झाला, पुण्यात रँडचा खून झाला, आणि सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता याच रोगाने गेल्या. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं की हा रोग उंदरावरच्या पिसवांमधून पसरतो. ते लगेच कुणी मानलं नाही. १९०५ नंतर हिंदुस्थानात झालेल्या प्रयोगांनी मात्र ते पक्कं केलं.

उंदीर गुन्हेगार ठरला, तसा उंदराचा शत्रूही महत्त्वाचा झाला. त्या वेळी अमरावतीला सिव्हिल सर्जन होते लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्युकॅनन. त्यांनी गावागावांतल्या मांजरांची मोजणी करवून घेतली, ती प्लेगच्या नोंदींशी ताडून पाहिली आणि १९०८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लेख लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जिथे मांजरं भरपूर, तिथे प्लेग कमी, म्हणून लोकांना मांजरं पाळायला उत्तेजन द्या.

यात तुमच्यासाठी दोन गोष्टी आहेत.

पहिली, सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नाही. मांजरं जास्त असलेली गावं रेल्वेपासून किंवा कापसाच्या बाजारापासून लांब असतील तर? प्लेग धान्याच्या आणि कापसाच्या मालाबरोबर फिरत होता. मग श्रेय मांजराचं की अंतराचं? शिवाय आज आपल्याला माहीत आहे की मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्यापासून माणसालाही होऊ शकतो. ब्युकॅननना मूर्ख ठरवण्यासाठी हे सांगत नाही. त्यांनी निदान मोजलं. पण त्यांचे आकडे वापरताना हे प्रश्न आपण विचारायचे असतात.

दुसरी गोष्ट आमच्या भुऱ्याच्या कामाची. ब्युकॅनननी मांजरं मोजली, पण मांजरं काय खातात हे विचारलं नाही. गंमत म्हणजे हेच ब्युकॅनन त्याआधी मध्य प्रांतात लाखीच्या डाळीने माणसं लुळी कशी पडतात यावर सविस्तर अहवाल लिहून मोकळे झाले होते. म्हणजे खाण्याचा आणि शरीराचा संबंध ओळखणारा माणूस. तरीही मांजराच्या खाण्याचा प्रश्न त्यांना पडला नाही, कारण त्यांच्या लेखी मांजर हे उंदीर मारण्याचं साधन होतं. साधनं त्यांच्या लेखकाला पडलेल्या प्रश्नांचीच उत्तरं देतात, तुमच्या नाही.

नोंद नाही, मग शोधायचं कुठे?

आधी सरळ जागी शोधलं. १९०८ चंच आपल्या जिल्ह्याचं गॅझेटियर आहे. (जाता जाता: १९०५ पर्यंत आपल्या जिल्ह्याचं नाव 'वणी जिल्हा' होतं आणि जुन्या इंग्रजी कागदांत वणी 'वून' अशी, तर यवतमाळ 'येवतमाळ' अशी दिसते. नुसतं आजचं नाव टाकून शोधाल तर निम्मी कागदपत्रं हातून जातील.) गॅझेटियरवाल्यांचं लक्ष शेतसाऱ्यावर आणि शेतीच्या जनावरांवर. देशात १९१९ पासून पशुगणना होते, तीत गाई, म्हशी, शेळ्या, डुकरं, पुढे कुत्रीही आली. मांजर नाही. ज्याच्यावर कर नाही, जे नांगराला जुंपता येत नाही आणि ज्याचं दूध निघत नाही, ते सरकारी कागदात येत नाही.

मग वाकड्या वाटेने गेले. 'शिंकं तुटलं आणि बोक्याचं फावलं' ही म्हण घ्या. दूध-दही-लोणी शिंक्यावर का टांगायचं? बोक्याच्या तोंडी लागू नये म्हणून. 'मांजर डोळे मिटून दूध पितं' या म्हणीतही ते चोरूनच पितं. म्हणजे आपल्या म्हणींत दूध हे मांजराला वाढलेलं अन्न नाही, मांजरापासून राखलेलं अन्न आहे. 'मांजराला दूध आवडतं' एवढंच आपण त्यातून उचललं आणि शिंकं विसरलो.

नंतर आजीला विचारलं. मौखिक इतिहासाची मुलाखत घेताना थेट निष्कर्ष विचारू नका, दिवस विचारा. "मांजर सकाळी कुठं असायचं?" असं विचारल्यावर आजी म्हणाली, "ढोलीपाशी. रात्री पेवाकडं. म्हैस पिळताना येऊन बसे, तवा एखादी धार त्याच्या तोंडावर सोडू, बस." ढोलीत ज्वारी, पेवात ज्वारी, ओसरीवर कापूस आणि सरकी. जिथे हे, तिथे उंदीर. मांजराचं जेवण तिथे होतं.

माझी चूक

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग मी निष्कर्ष काढला: जुन्या घरात मांजराला कुणी मोजून किंवा भरपूर घालत नव्हतं, ते अर्धपोटी राहायचं, म्हणून सडपातळ होतं. तेव्हा भुऱ्यालाही अर्धपोटी ठेवायचं. एका शुक्रवारी मी त्याचं दूध आणि पाकिटातलं खाद्य दोन्ही बंद केलं. मनात म्हटलं, भूक लागली की धरेल उंदीर.

आता ना घरात ढोली, ना पेव. धान्य पत्र्याच्या कोठीत आणि फरशी सिमेंटची. उंदीर कुठून येणार? रविवारी सकाळपर्यंत तो कोपऱ्यात पडून होता. मग चिकन पुढे ठेवलं तरी त्याने तोंड फिरवलं, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. पशुवैद्यांना फोन केला. त्यांनी माझी चांगलीच खरडपट्टी काढली. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की शरीरातली चरबी एकदम सुटून यकृतात साठते, यकृत बंद पडू लागतं आणि मांजर दगावू शकतं. माणसाचा एकादशीचा उपास मांजराला चालत नाही. आणि जितकं लठ्ठ, तितका धोका जास्त. त्या दिवशी दवाखान्यात नेऊन सलाईन लावलं आणि सिरिंजने पातळ खाद्य भरवलं. सुदैवाने मंगळवारी तो आपणहून खाऊ लागला.

माझ्या तर्कात भोक कुठे होतं? 'घराने घातलं नाही' याचा अर्थ मी 'मांजराने खाल्लं नाही' असा लावला. नोंद नसणं म्हणजे गोष्ट नसणं, असं मी धरून चालले. आजीचं मांजर उपाशी नव्हतंच. ते दिवसातून सात-आठदा जेवत होतं, फक्त आपल्या ताटात नाही. दुसरं, आजीला आठवलेली मांजरं ही जगलेली मांजरं. जी खंगून मेली त्यांची आठवण कुणी ठेवली नाही.

आता हिशोब

एका लहान उंदरातून मांजराला साधारण ३० कॅलरी मिळतात. पाच किलोच्या, घरात बसणाऱ्या मांजराला दिवसाला सुमारे २३० कॅलरी पुरतात. म्हणजे सात-आठ उंदीर, आणि प्रत्येकासाठी दबा, धाव, झेप. स्वतः शिकार करून जगणाऱ्या मांजरांच्या आहाराचा २०११ साली अभ्यास झाला. त्यांच्या ऊर्जेतला निम्मा वाटा प्रथिनांचा, उरलेला जवळजवळ सगळा चरबीचा आणि पिठूळ-गोड पदार्थांचा फक्त २ टक्क्यांच्या आसपास निघाला.

आता भुऱ्याचं ताट बघा. म्हशीच्या दुधाच्या १०० मिलीच्या दोन वाट्या: सुमारे २०० कॅलरी. कोरडं खाद्य ६० ग्रॅम: सुमारे २२०. वर आईच्या हातची तूप लावलेली पोळी. गरजेच्या जवळपास दुप्पट. त्यात नसबंदीनंतर मांजराची गरज पाव हिश्श्याने कमी होते, ते वेगळंच. म्हणजे ज्या दुधाला आम्ही 'थोडंसं' म्हणत होतो, तेच एकटं दिवसभराचं जेवण होतं.

"मग दूध-पोळीच थोडी थोडी द्या, मांसाहार कशाला?" हा आमच्या शेजारच्या काकूंचा प्रश्न. याचंही उत्तर विज्ञानाच्या इतिहासात आहे. मांजराला टॉरिन नावाचा घटक पुरेसा बनवता येत नाही, तो मांसातूनच घ्यावा लागतो. १९७५ साली कळलं की टॉरिन कमी पडलं तर मांजराचा डोळ्याचा पडदा खराब होतो. १९८७ साली कळलं की हृदयही निकामी होतं, आणि तेही कंपन्यांचं तयार खाद्य खाणाऱ्या मांजरांत. त्यानंतर खाद्यात टॉरिन वाढवण्यात आलं. १९०८ च्या मांजराला हे माहीत असायची गरज नव्हती. उंदरात टॉरिन होतंच.

आणि लठ्ठपणा मोजायचा कसा? मांजरांसाठी बरगड्या-कंबर तपासून १ ते ९ गुण देण्याची पद्धत डॉटी लाफ्लाम यांनी १९९७ साली मांडली. ५ म्हणजे योग्य. भुऱ्याला ८ मिळाले. आपल्याकडे 'बोक्यासारखा गुबगुबीत' हे कौतुकाचं बोलणं. ज्या गोष्टीला माप नाही ती साधनांत शोधताना असे शब्दच वाचावे लागतात, पण जपून. आजीचं 'गुबगुबीत' आणि लाफ्लामबाईंचे ८ गुण एकच आहेत हे गृहीत धरू नका.

पुढे काय केलं

पशुवैद्यांनी सांगितलं तेच. दूध हळूहळू पूर्ण बंद, वाटीत पाणी. कोरडं खाद्य डिजिटल काट्यावर मोजून, दिवसाला ३५ ग्रॅम. सोबत उकडलेलं बिनमिठाचं चिकन, त्याच्या पाण्यासकट, कारण टॉरिन पाण्यात उतरतं. बदल दहा दिवसांत थोडा थोडा करून. दिवसाचं खाणं पाच वेळा विभागून. त्यातलं थोडं पुठ्ठ्याच्या नळीत भोकं पाडून ठेवलं, म्हणजे पंजाने काढून खावं लागतं. उंदराची तेवढीच नक्कल. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का घट पुरे. त्याहून वेगाने नको. आणि एक दिवसही अन्नाला तोंड लावलं नाही तर लगेच फोन.

दर रविवारी वही. बावीस आठवड्यांत ६.४ वरून ५.५ किलो. मधे दोन आठवडे वजन हललंच नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, बाबा रात्री साय देत होते. ती नोंद वहीत नव्हती! नोंद न झालेलं खाणं पुन्हा एकदा आडवं आलं.

आई आता वाटी भरताना काट्याकडे बघते. पाप लागन म्हणत नाही. परवा भुऱ्या खिडकीच्या कट्ट्यावर एका उडीत चढला, दोन वर्षांनी पहिल्यांदा. आईने बघितलं आणि म्हणाली, "हलका झाला वो."

आता मागच्या पोस्टवरच्या प्रश्नाचं उत्तर. साधनांत तुमच्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर आधी विचारा की ती नोंद ठेवणाऱ्याला हा प्रश्न पडण्याचं काही कारण होतं का. नसेल, तर म्हणी, भांडी, घराची रचना आणि म्हातारी माणसं यांच्याकडे जा. पण तिथून मिळालेल्या मौनाला 'काहीच नव्हतं' असं समजू नका. प्रबंधात हे केलं तर व्हायव्हाला प्रश्न येतो. माझ्याकडे सलाईनची बाटली आली.

पुढच्या पोस्टमध्ये: जुन्या इंग्रजी नोंदींतली आपल्या गावांची नावं कशी ओळखायची. तुमच्या गावाचं स्पेलिंग सापडलं असेल तर खाली नक्की लिहा.