खरवडीचा मान

खिरीच्या पातेल्याची खरवड कोणाच्या वाट्यास यावी, यावरून ज्या घरात कधीच तंटा झाला नाही, असे घर विरळा. हीच खरवड फ्रान्स देशात पाहुण्यांच्या पानात मानाने बसली. ‘ग्रातँ’ हा फ्रेंच शब्द खरवडणे याच अर्थाच्या धातूपासून निघाला आहे. त्या नावाच्या बटाट्याच्या तोंडीलावण्याची कुळकथा आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतील आंडीज पर्वतातला. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात आणला. पण फ्रान्समध्ये पुष्कळ काळ गुरांचे खाद्य म्हणून त्याची हेटाळणी झाली. पार्मांतिये नावाच्या औषधशास्त्रज्ञाने सप्तवार्षिक युद्धात प्रशियाच्या कैदेत बटाट्यावर दिवस काढले आणि सुटून आल्यावर त्याची जन्मभर वकिली केली. फ्रान्सच्या आग्नेयेस, आल्प्सच्या कुशीत, दोफिने हा जुना प्रांत आहे. तेथील गाप गावी १२ जुलै १७८८ रोजी, म्हणजे राज्यक्रांतीच्या आदल्या वर्षी, क्लेरमाँ-तोनेरच्या ड्यूकने नगराधिकाऱ्यांना मेजवानी दिली. या पदार्थाचा पहिला उल्लेख त्या मेजवानीचा मानतात.

पुढे वाद उपस्थित झाला. दोफिनेचे अभिमानी म्हणतात, यात बटाटे, दूध आणि साय एवढेच हवे. चीज ही शेजारच्या सावोय प्रांताची रीत. परंतु पाकशास्त्रातील आचार्य एस्कॉफिए यांनी १९०३ सालच्या आपल्या ग्रंथात चीज आणि अंडे या दोहोंनाही स्थान दिले. आता घरोघरी चीज घातले जाते, तेव्हा निवाडा कसा करावा?

आमच्या व्यवसायात यावर जुना आधार आहे. मदुरेचे कलेक्टर विरुद्ध मुत्तु रामलिंग या १८६८ सालच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने असे ठरविले की, हिंदू धर्मशास्त्रात स्पष्टपणे सिद्ध झालेली रूढी लिखित वचनाहून बलवत्तर असते. आपल्या उपवासाचेच पाहा. स्मृतिकारांना जो कंद ठाऊकही नव्हता, ज्याचे नावसुद्धा आपण पोर्तुगीजांकडून घेतले, तो बटाटा आज एकादशीच्या फराळात निर्वेध नांदतो आहे. त्याला हा हक्क वहिवाटीने मिळाला.

कृती सोपी आहे. अर्धा किलो बटाटे सोलून तीन मिलिमीटर जाडीच्या चकत्या कराव्यात. चकत्या धुऊ नयेत, कारण त्यांतील पिठानेच दूध दाट होते. बुडतील इतक्या सायीच्या दुधात मीठ, मिरपूड आणि किंचित जायफळ घालून दहा मिनिटे मंद आचेवर शिजवाव्यात. मग लोणी लावलेल्या उथळ भांड्यात थर रचून वर किसलेले चीज पसरावे आणि ओव्हनमध्ये १७० अंशांवर सुमारे पाऊण तास भाजावे. वर सोनेरी पापुद्रा धरला की उतरून दहा मिनिटे निवू द्यावे. अंडे आणि लसूण यांवाचून काहीही अडत नाही.

चीजसंबंधी मात्र सावध असावे. कित्येक विदेशी चीज वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने दूध साकळवून करतात. ज्या घरात देवाच्या नैवेद्याचा आणि घरच्यांचा स्वयंपाक एकाच चुलीवर होतो, तेथे सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचेच चीज आणावे आणि वेष्टनावरील शाकाहाराचे हिरवे चिन्ह आधी पाहावे. रूढीला मान द्यावा, परंतु चौकशी सोडू नये.