यावच्चंद्रदिवाकरौ

जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पंधरा-सोळा किलोमीटरांवर पनागर हे गाव लागते. तेथील जुनी जैन मंदिरे प्रसिद्ध आहेत. इतिहासाची आवड असलेला मराठी प्रवासी या भागात आला, की त्याच्या मनातील एक जुना सल हटकून जागा होतो. हा मुलूख एकदा आपला होता! १७८१ साली गढा-मंडल्याची सत्ता सागरच्या मराठ्यांकडे आली. पुढे ती नागपूरकर भोसल्यांकडे गेली आणि १८१७ साली जबलपूर इंग्रजांनी घेतले. 'राज्य गेले, ते जावयास नको होते', असे मन पुन्हा पुन्हा म्हणत राहते.

अशा विचाराचे दुःख आपण मुकाट्याने भोगतो. त्याची उलटतपासणी मात्र सहसा करीत नाही. ती आज करून पाहू. गेले ते खरोखर आपले होते काय? आपल्यापूर्वी येथे गोंडांचे राज्य होते. त्यांची राणी दुर्गावती १५६४ साली मोगल सैन्याशी झुंजत याच मुलखात धारातीर्थी पडली. गोंडांच्याही पूर्वी त्रिपुरीचे कलचुरी होते. अकराव्या शतकात त्यांच्या कर्णराजाचा दरारा दूरवर पसरला होता. आज त्या राजधानीच्या जागी तेवर नावाचे खेडे आहे. जे गोंडांजवळ राहिले नाही, कलचुरींजवळ राहिले नाही, ते आपल्याजवळच राहावयास हवे होते, हा हट्ट कोणत्या न्यायाने धरावयाचा?

कलचुरींचे शिलालेख व ताम्रपट महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी संपादून १९५५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. मध्ययुगातील दानपत्रे वाचताना एक मौज ध्यानात येते. दिलेले दान यावच्चंद्रदिवाकरौ चालावे, असे राजा बजावतो. आणि कित्येक ताम्रपटांत लक्ष्मी ही कमळाच्या पानावरील थेंबासारखी चंचल असल्याचेही सांगितलेले असते. वरवर पाहता हा विरोध वाटेल. पण त्याचा आशय सरळ आहे : वैभव टिकणारे नाही, म्हणूनच ते हाती आहे तोवर सत्कारणी लावावे.

याच विचाराला जैन आचार्यांनी शिस्त दिली. त्यांनी सांगितलेल्या बारा अनुप्रेक्षांत, म्हणजे पुनःपुन्हा करावयाच्या चिंतनांत, पहिली अनित्याची आहे. ते चिंतन रडण्यासाठी नाही. जे जाणारच आहे, त्याला मारलेली मिठी सैल करण्यासाठी आहे. पनागरच्या उत्तरेस बहुरीबंद येथे शांतिनाथांची भव्य मूर्ती उभी आहे. तिच्यावरील लेखात बाराव्या शतकातील कलचुरी राजा गयाकर्ण याचे नाव येते. राज्य लयाला गेले, राजाचे नाव अभ्यासकांपुरते उरले. मूर्तीपुढे मात्र आजही कोणी ना कोणी हात जोडतो.

एवढा विचार केल्यावर मूळचा सल अगदीच नाहीसा होतो, असे मी म्हणणार नाही. इतिहासाविषयीची माया राहतेच, आणि ती राहावी. पण 'नको होते' हे शब्द गळून पडतात आणि मन हलके होते. मग पनागरच्या मंदिरांकडे आपण गमावलेल्या मुलखाचे वारस म्हणून पाहत नाही. वाटेवरचे पाहुणे म्हणून पाहतो. पाहुण्याला काही राखावयाचे नसते, म्हणून त्याला सारे डोळे भरून पाहता येते.